कुंकवाखालचा प्रिंट

कोपर, ३० सप्टेंबर १९९१

ती. सगुणाताईस,

नमस्कार. तीन पत्रं फाडली, हे चौथं.

विठ्ठलवाडीहून आईचा फोटो आणताना तू विचारलंस, "आईला न्हाऊ घालायला नेतोयस की विकायला?" मी हसलो. दामूकाकांनी बावन्न साली स्वतःच्या हाताने काढलेला प्रिंट, मला प्रदर्शनात मांडायचा होता. फ्रेमची काच फुटल्यापासून तू दर अविधवा नवमीला कुंकू थेट कागदावरच लावत आलीस. माझ्यासारख्या तज्ज्ञाला ते कसं सोसणार? मी ओला कापूस फिरवला. कुंकू निघालं, आणि त्याच्यासोबत आईचं कपाळ नि डावा डोळाही.

जुने फोटो पारखायला लोक मला घरी बोलावतात. कागदाला पाणी लावू नका, हे मी दारातच बजावतो. मग त्यांचा चहा पीत सांगतो, की फोटोग्राफरने त्या काळी स्वतः काढलेला प्रिंट तेवढा खरा, नंतरचा म्हणजे झेरॉक्सचा चुलतभाऊ.

तो चुलतभाऊ काल मीच जन्माला घातला. काकांची निगेटिव्ह माझ्याकडे होती, तिच्यावरून नवा प्रिंट काढला. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवला. सकाळपासून दहादा उठून बघतोय. आई तीच आहे, पण काकांनी तिच्या गालावर ठेवलेली सावली मला जमलेली नाही.

परवा नवमीला तू त्याच्यापुढे पान वाढशील, हात जोडशील. फोटो वेगळा आहे हे ओळखलंस, तर हे पत्र खिशातून काढून देईन. नाही ओळखलंस, तर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझा पारखी भाऊ,
पोपट