माझं बंद दार

ग्रंथपाल मिस हार्टनॉल यांस,

मंगळवार, ८ ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन वाजता, सगळ्यांनी एकेक तुकडा शिवून केलेल्या, ग्रंथालयात टांगलेल्या गोधडीवर मी शिवलेलं बंद दार मला उघडं दिसलं. माझे टाके उसवून कुणीतरी आत पिवळा उजेड शिवला होता.

"मुलं बघायला येणार, आजी. थोडी आशा नको का?" असं तुम्ही म्हणालात. मी तुमची आजी नव्हे.

माझी मैत्रीण मर्ल म्हणाली, "चल गं, सामान बांध! अठ्ठावन्न वर्षांनी खोली मिळाली."

१९६६ साली इंग्लंडात वंशसमानतेचा कायदा होता, पण हॉटेल-बसपुरता. भाड्याच्या खोलीला नव्हता. मला आठवा महिना होता. "काळ्यांना खोली नाही," म्हणून दार लावणारी बाई माझ्याच वॉर्डातली नर्स होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून रुग्णांच्या चादरी बदलल्या.

दार उघडं असतं, तर घरं-खोल्यांनाही लागू होणारा अडुसष्टचा कायदा करावा कशाला लागला असता? मुलांना तेच तर सांगायचं होतं.

हे तिसरं पत्र. आधीची दोन ननांच्या शाळेत शिकलेल्या बाईला शोभणारी नव्हती, म्हणून खणातच राहिली.

शनिवारी गोधडीचं उद्घाटन आहे. ते दार मीच पुन्हा बंद करीन. आपली हरकत नाही, असं शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवा.

पर्पेच्युआ लारोंड,
निवृत्त परिचारिका