चौकात हरवलेले बाबा

क्राकूफ, शनिवार

लाडक्या आईला बोग्नाचे दोन्ही गालांवर पापे.

किल्ला पाहिला, पेरोगी पोटभर खाल्ल्या. मोठ्या चौकात मात्र बाबा हरवले. घाबरू नकोस, लगेच सापडले. तुझा जावई कबुतरांचे फोटो काढत होता, तेवढ्यात सटकले.

अकॉर्डियन वाजत होतं तिकडे धावलो, तर बाबा एका नव्या नवरीबरोबर पोल्का नाचत होते.

"आजोबा, छान नाचता की," ती म्हणाली.

"माझी वांदा तुझ्याहून बरी नाचते. पाय मोडलाय, म्हणून घरी बसलीय."

आई, सकाळपासून ते मला 'अहो बाई' म्हणत होते. तुझं नाव मात्र बरोबर घेतलं. मग मीही नाचले.

प्लॅस्टर कधी काढणार? कोंबड्या कोण बघतंय? लवकर बरी हो. जोडीदारीण हवीय त्यांना.

तुझीच,
बोग्ना