धैदच्या कॅम्पातली आगीची टोळी

आप्पा, तुमच्या कंपनीने वर्धापनदिनाचं पुस्तक काढलंय. गुळगुळीत कागद, पानापानावर साहेबांचे फोटो. त्यात एक अख्खं पान कॅम्पातल्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाच्या इतिहासाला दिलंय आणि त्या पानावर तुमचं नाव नाही. पथक म्हणे 'व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीतून' उभं राहिलं. वाचून माझं डोकंच फिरलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार.

दूरदृष्टी कुणाची होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शारजापासून लांब वाळवंटात, धैद गावाच्या पुढे, खजुराच्या बागांपलीकडे तो कामगारांचा कॅम्प. प्लायवूडच्या खोल्यांच्या चार रांगा, आणि शहरातला बंब पोहोचायला पाऊण तास. तुम्ही तिथले मुकादम. शुक्रवारी शारजातल्या आपल्या खोलीवरून आईला आणि मला पिकअपमध्ये घालून तिकडे न्यायचात आणि जेवणाआधी टोळीची कवायत घ्यायचात. टोळीत बाराजण, बहुतेक आपल्या दापोली-गुहागरकडचे, गावी डोंगरावरचे वणवे ओल्या फांद्यांनी झोडपून विझवलेले. इथे फांद्यांऐवजी ओली गोणपाटं. पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशी येणार, त्यामुळे आगीसाठी भरलेल्या बादल्या लोक आंघोळीला पळवायचे. तुम्ही ओरडून ओरडून थकलात आणि शेवटी वेल्डरकडून गोल बुडाच्या बादल्या करून घेतल्यात. खाली ठेवली की कलंडणार, मग न्हाणीत नेऊन करणार काय? तेव्हापासून बादल्या भरलेल्या, खिळ्याला टांगलेल्या राहू लागल्या. एकदा मी त्यातल्या पाण्याने हात धुतले तर बाराजणांसमोर म्हणालात, "ते पाणी कुणाच्या तरी जिवासाठी ठेवलंय, तुझ्या हातांसाठी नाही." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आणि मग मी दहावीत असतानाचा तो शुक्रवार. भर दुपारी मेसमधला सिलिंडर पेटतो, वाऱ्याने आग पहिल्या रांगेवर जाते. तिसऱ्या रांगेत रात्रपाळीचे चाळीसेक जण झोपलेले आहेत. पंप आणि होज स्टोअरमध्ये कुलपात, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर पार दुबईत, करामा भागात जेवायला गेलेला. तुम्ही त्याला फोन लावता. तो म्हणतो, "मैं निकलता हूँ, इन्शाल्ला आधे घंटे में. लॉक को हाथ मत लगाना." तुम्ही फोन ठेवता, पहार उचलता आणि कुलूप तोडता. दोन रांगा जळाल्या, माणूस एकही गेला नाही. बंब आला तेव्हा तुमचे बाराजण काळ्या तोंडाने चहा पीत बसले होते.

आठवड्याभरात तुमच्या हातात वॉर्निंग लेटर. परवानगीशिवाय स्टोअरचं कुलूप तोडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. पुढे मुकादमी गेली, टोळी एका सेफ्टी ऑफिसरच्या हाताखाली गेली, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्याच स्टोअरमध्ये खिळे मोजत बसलात. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही चीड मी इतकी वर्षं जपली आहे, येईल त्या पाहुण्याला ऐकवली आहे.

म्हणून परवा ते पुस्तक घेऊन मी कंपनीच्या ऑफिसात गेले. पान बदला, म्हटलं. एचआरचा माणूस सभ्य होता. त्याने जुनी फाइल मागवली, एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, उन्होंने तो खुद माफी माँगी थी. गलती मानी है. फिर हम हिस्ट्री में उनका नाम कैसे डालें?"

आप्पा, तो खुलासा तुम्ही मला स्वयंपाकघरात बसून सांगितला होता. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी लिहायला. तुम्ही म्हणालात, "लिही, कुलूप मी तोडलं. आत माणसं असतील तर पुन्हा तोडीन." आई गॅसपाशी उभी राहून डोळे पुसत होती. व्हिसा कॅन्सल झाला तर खलास, पोरीची बोर्डाची परीक्षा बुडेल, एवढंच ती पुटपुटत होती. मी इंग्रजीत लिहिलं की माझी चूक झाली, मला माफ करा, असं पुन्हा होणार नाही. "सगळं लिहिलंस ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "येस आप्पा." तुम्ही खाली मराठीत ठसठशीत सही केलीत आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेने कागद नेऊन दिलात. आपण सरळ उत्तर दिलं, याच समाधानात तुम्ही जगातून गेलात.

परवा ऑफिसात तो कागद माझ्यासमोर होता, अक्षर माझं होतं, आणि मी त्या माणसाला तसं सांगितलं नाही. "थँक यू" म्हणून उठले. खरं तर हे सगळं कंपनीला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठे पाठवावं लागत नाही.