पाच टक्क्यांचा माणूस

मंगळवार, ९ जानेवारी १९७९
अखेर निवड झाली. यंदा कोणालाही पाच टक्क्यांहून जास्त पगारवाढ नाही, हे सरकारचे धोरण. ते कामगारांच्या गळी उतरवायला आमच्या खात्यातून मला पाठवत आहेत. ठिकाण थॉर्नस्बी, दूरचे एक बंदरगाव. तिथल्या शाळांच्या स्वयंपाकिणी बावीस तारखेच्या देशव्यापी संपात उतरू पाहतात. आमचे वरिष्ठ फॅन्शॉसाहेब म्हणाले की दुसरे कोणी जायला तयार नव्हते. थोडक्यात, इतर कोणाची छाती नाही.
संकल्प: रागवायचे नाही. सोप्या भाषेत बोलायचे. अडाणी माणसांना आलेख आवडतात, चार घेतले आहेत.

गुरुवार, ११ जानेवारी
युनियनची पुढारी म्हणून जी समोर आली ती मिसेस डोरा स्केल्टन, शाळेची मुख्य स्वयंपाकीण. हात कोपरापर्यंत पिठात. मी महागाईचे चक्र समजावले: पगार वाढला की भाव वाढतात, भाव वाढले की पुन्हा पगार. ती पीठ मळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाळा, साडेतीनशे पोरांना जेवू घालून मी घरी जाते, तेव्हा माझ्या चुलीवर काय ठेवू हा प्रश्न असतो. तुझे पाच टक्के किती वेळ शिजवायचे?"
मला बाळा म्हणाली. मी बावन्न वर्षांचा आहे.
तरी निघताना आलेख ठेवून घेतले. याचा अर्थ उघड आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी
फॅन्शॉसाहेबांना टिपण लिहून कळवले: थॉर्नस्बीत संप होणार नाही, मी हमी देतो. आमची टायपिस्ट मिस पार्जेटर हिने टाइप करता करता विचारले, 'हमी' ऐवजी 'आशा' लिहू का? तिला सांगितले, तुमचे काम टाइप करण्याचे.
हिल्डाला म्हटले, उन्हाळ्यापर्यंत बढती. बायको असून तिने फक्त मीठ पुढे सरकवले.

शनिवार, २० जानेवारी
थॉर्नस्बीचे मतदान: संपाच्या बाजूने एकेचाळीस, विरुद्ध दोन. म्हणजे दोघींचे तरी मन वळवले! त्या एका भेटीत! उद्याच जातो, उरलेल्यांना समजावायला.

सोमवार, २२ जानेवारी
संप झाला. शाळा बंद. फाटकाबाहेर बर्फात या सगळ्या जणी पिंपात लाकडे पेटवून उभ्या. मी जाहीर भाषण करायचे ठरवले होते, पण वाऱ्याने कागद उडाले. एकीने ते गोळा करून आणून दिले, नीट क्रमाने लावून. शिस्त आहे, फक्त अक्कल नाही.

मंगळवार, २३ जानेवारी
आज आगगाडीचे ड्रायव्हर संपावर. परत जाता येत नाही. देशात कोणाला लाज उरली आहे की नाही? हॉटेलमालकाने सांगितले की लॉरीवाल्यांच्या संपामुळे माल आला नाही, जेवण मिळणार नाही.
रस्त्यात मिसेस स्केल्टन भेटली. काही न विचारता घरी नेले आणि मटणाचा रस्सा वाढला. दोनदा. तिचा नवरा गोदीतून काढलेला, खोलीत कोट घालून बसला होता. शेगडीला कोळसा नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या ताटलीकडे बघत होता. तेव्हा लक्षात आले की त्यांच्यापुढे ताटल्याच नाहीत.
अर्थात हे भावनिक दडपण. जुनी युक्ती आहे. मी संपवले, कारण टाकणे असभ्य दिसले असते.

बुधवार, १४ फेब्रुवारी
सरकार आणि युनियनवाले यांच्यात समझोता. कोणी कोणाला काय कबूल केले, ते मसुद्यात दोनदा वाचूनही कळले नाही. माझ्या टिपणाचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

बुधवार, २१ फेब्रुवारी
स्वयंपाकिणींना नऊ टक्के देऊ केले, वर आठवड्याला एक पौंड. मी फॅन्शॉसाहेबांना विचारले, मग पाच टक्क्यांचे काय? ते म्हणाले, कसले पाच टक्के?

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
आज सरकारी नोकरांचाच संप. आमचा! दारात मिस पार्जेटर, हातात फलक. मी मान ताठ ठेवून आत गेलो. चार मजल्यांवर मी एकटा. बॉयलरवालाही बाहेर, त्यामुळे हातमोजे घालून दिवसभर राष्ट्रहिताचा विचार केला. काम असे काही नव्हते. खिडकीतून पाहिले तर फॅन्शॉसाहेब खाली उभे. कोणाशी तरी हसत होते.

गुरुवार, १ मार्च
आमचा विभाग बंद. मला कार्लाइलच्या कचेरीत तळघरात बेकारभत्त्याचे अर्ज लावायला पाठवत आहेत. चूक झाली असणार. दाद मागावी लागेल, आणि दाद मागायची तर पाठीशी संघटना हवी, असे नियमावलीत लिहिले आहे.

सोमवार, ५ मार्च
संघटनेची चिटणीस मिस पार्जेटरच निघाली. सात वर्षे माझी पत्रे टाइप करते, मला कल्पना नव्हती. अर्ज भरला, सुवाच्य अक्षरात. तिने तो वाचून हळूच सांगितले, "सभासद होऊन सहा महिने झाल्याशिवाय आम्हाला कोणाची बाजू मांडता येत नाही. सप्टेंबर उजाडेल."
बदली येत्या सोमवारी.
मी उठलो. ती म्हणाली, "बसा, लेनर्ड." कचेरीत मला नावाने कोणी हाक मारत नाही. सभासद एकमेकांना तसेच बोलावतात म्हणे.
बसलो.