गोलमागचं पाणी

डोंगरटोला, ता. तुमसर
शुक्रवार, दुपार

प्रिय भूपेंद्र,

तुझ्या एक नंबरच्या जर्सीची घडी उलगडली असन अन् हे पत्र खाली पडलं असन. कोणाले दाखवू नको, आधी एकटा वाच. मॅच होईपर्यंत तुमच्या कॅम्पात फोन जमा करून ठेवतात, म्हणून धुतलेल्या जर्स्यांच्या गाठोड्यातून पत्र पाठवायची पाळी आली. तुझ्या कोचसाहेबाले मी परवा फोन लावला होता. तो बिचारा हिंदीत म्हणे, माताजी, लडके का ध्यान मत भटकाइए, रविवार को मैदान में तो मिलना ही है. रविवारी मैदानात भेटायचं आहे, त्याचंच तं मले भेव वाटून राहिलं.

घरचं ठीक आहे. रीना आसगाववरून आली, तिच्याकडचे धान कापून, चुरून झाले. तिची परी दोन दिवसांपासून मामाच्या नावाची पाटी रंगवत बसली आहे. पाटीवर तुझं तोंड काढलं आहे, ते तुझ्यापेक्षा आपल्या बकरीसारखंच जास्त दिसते, पण तू चांगलं म्हण. नवीन गॅलरीत, उत्तरेकडच्या गोलच्या अगदी मागं बसून ती पाटी धरणार आहे. तिथं बसू नका म्हटलं तं रीना माझ्यावरच चिडली. म्हणे, आख्खं गाव तिथं बसून राहिलं अन् सख्खी बहीण कायले दुसरीकडे बसन. तिले कारण सांगायले माझी जीभ रेटत नाही. सांगतलं अन् मी खोटी ठरली तं गाव हसन. खरी ठरली तं काय होईन, ते मले मनातही आणवत नाही.

आज आपल्या बसवर डोंगरटोला एफ.सी. असं इंग्रजीत लिहिलं आहे, तुम्हाले खेळायचा पगार भेटते, नागपूरचे पोट्टे आपल्या क्लबात घ्या म्हणून चिठ्ठ्या आणतात. तुमच्या पिढीले वाटते क्लब इथूनच सुरू झाला. माझं लग्न झालं तेव्हा क्लबजवळ चेंडू एकच होता अन् तो माझ्या खाटेखाली राहे. खाण तेव्हा चालू होती. पाळी संपली की माणसं तोंड न धुता सरळ मैदानात. तुझा बाबा फुलबॅक. पहिल्या जर्स्या म्हणजे साध्या बनियानी, आंधळगावच्या एका कोष्ट्यानं जांभळ्या रंगात बुडवून दिलेल्या. चिखल्याच्या टीमसोबत पहिली मॅच झाली अन् घामानं सगळा रंग आंगावर उतरला. जिंकून आले तेव्हा अकराही जण वांग्यासारखे दिसत होते. तेव्हापासून आपला रंग जांभळा. या भैय्यालालच्या बायकोनं धुवून धुवून तो पक्का केला, असं तुझा बाबा साऱ्या तालुक्यात सांगत फिरे. माझे हात काही पुन्हा गोरे झाले नाहीत.

मग खाण बंद झाली अन् जुनं मैदान रस्त्यात गेलं. क्लब संपला असंच सगळे म्हणत. तेव्हा तुझा बाबा, श्रावणभाऊ अन् टेकचंदभाऊ यायनं बंद खाणीवरची पडीक जागा साफ करून हे मैदान काढलं. खाली इंग्रजांच्या काळातले बोगदे आहेत, हे तेव्हा लहान लेकरालेही माहीत होतं. म्हणून तं तो सब्बलीचा रिवाज पडला. खाणीत काम सुरू करायच्या आधी एक जण लोखंडी सब्बल घेऊन डोक्यावरचं छत ठोकून पाहे. ठणकन वाजलं तं कामाले लागायचं. ढब्ब वाजलं म्हणजे आत पोकळ, सगळ्यानं मागं फिरायचं, साहेब असो की मजूर. तेच यायनं खालून वर आणलं. मोसमाच्या पहिल्या मॅचआधी सगळ्यात जुना खाणवाला दोन्ही गोलांत अन् चारही कोपऱ्यांत सब्बल मारे. तोवर कोणी खोकलत नसे. बायका कडेवरच्या लेकराच्या तोंडावर हात ठेवत. त्यानं हात वर केला की मग बँड वाजे. एका वर्षी तुझ्या बाबानं हात वर केलाच नाही. दक्षिणेकडचा कोपरा त्याले पसंत पडला नाही. पाहुणी टीम आल्या पावली परत गेली, आपल्या माणसायनं महिनाभर दगड-मुरूम टाकून तो कोपरा भरला, मग खेळले. कोणी कुरकूर केली नाही.

आता तीच सब्बल चंदेरी रंगवून, हार घालून ऑफिसात उभी करून ठेवली आहे. मागच्या वर्षी पाहुण्यानं ती गालिच्यावर मारली, फोटोवाला चुकला म्हणून पुन्हा मारली, अन् डीजे आधीपासून सुरूच होता. तू गोलमधून माझ्याकडे पाहून हसला होता. मीही हसली. तुझ्या बाबाले जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, अन् तो असता तं हसला नसता, हे मले घरी आल्यावर सुचलं.

आता पाण्याचं सांगते. उत्तरेकडच्या गोलमागं माझा धुवायचा दगड, ते तुले काय सांगू. धुतलेलं पाणी तिथंच साचे. क्लबचे पोट्टे त्याले शकुनबाईची बोडी, म्हणजे शेतातलं तळं, म्हणत, जसं काही मी त्यावर धान पिकवणार होती. तू त्यात कागदाच्या होड्या सोडून मोठा झाला. इतक्या वर्षांत ते पाणी संध्याकाळपर्यंत कधी आटलं नाही, कोंबड्या तिथंच पाणी पेत. या पावसाळ्यानंतर त्यायनं सिमेंटची गॅलरी उठवली, मोठ्या लीगमध्ये बसायले पक्की जागा लागते म्हणे. रोलर फिरला, ट्रका आल्या. अन् दिवाळीपासून पाणी साचणं बंद झालं. बादली उलटवली की सरळ आत जाते, जसं कोणी खालून पिऊन राहिलं. आधी मी खुशच झाली, चिखल तुडवायचं वाचलं म्हणून. मग कपडे वाळवायच्या दोरीचा बांबू कलला. सरळ केला, पुन्हा कलला, अन् दरवेळी गोलकडेच. मंगळवारी तुमच्या जर्स्यांचं पाणी मी एकदम ओतलं अन् खाली वाकून कान दिला. झिरपल्याचा आवाज नव्हता, भूपेंद्र. पडल्याचा होता. विहिरीत बादली सोडली की थोड्या वेळानं खालून येते, तसा.

घरात येऊन मी खाटेवर पाय वर घेऊन बसली. आपल्या घराखाली तं कातळ आहे, तुझ्या बाबानं ठोकून पाहूनच घर बांधलं होतं, तरी खाली पाय ठेवायचा धीर होईना. त्या दिवशी चूल पेटली नाही. रीनाले सांगतलं, पित्त झालं.

सब्बल मारणाऱ्या जुन्या माणसांपैकी आता एकटा श्रावणभाऊ उरला आहे, अन् त्याचे कान पार गेले. तरी त्याले बुधवारी हात धरून घेऊन आली. सब्बल ऑफिसात बंद, म्हणून मी घरची पहार मारली. माझ्या कानाले आवाज ढब्बच वाटला, पण मी बाईमाणूस, मी कधी खाणीत उतरली नाही, माझ्या कानाचं कोण मानन. श्रावणभाऊनं खाली बसून गोलात हाताचा पंजा टेकला अन् मले मार म्हणून खूण केली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारू दिली नाही. चपला हातात घेतल्या अन् घरी निघाला. त्याचं घर मैदानाच्या पलीकडे, नेहमी मधून आडवा जाते. त्या दिवशी कुंपणाच्या बाहेरून, बाभळीच्या काट्यांतून, पूर्ण फेरा घेऊन गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

तिथून मी टेकचंदभाऊकडे गेली. क्लबचा सेक्रेटरी झाला तरी माझ्यासाठी तो तुझ्या बाबाच्या बाजूचा फुलबॅकच आहे. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणे, वहिनी, लीगवाले येऊन पाहून गेले. त्यायनं गोलची उंची मोजली, गॅलरीच्या पायऱ्या मोजल्या, संडास मोजले. खाली कायले कोणी पाहीन, खालचं त्यायच्या कागदात नाही. म्हणे, पहिली घरची मॅच रविवारी झाली नाही तं लीगमधून आपलं नाव कटते, राईस मिलवाले शेठजी हात काढून घेतात, अन् पोट्टे परत नागपूरले चौकीदारी करायले जातात. मोसम संपला की बघू म्हणे. तो खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षं त्यानं हा क्लब लेकरासारखा वागवला, तो मरताना पाहायची त्याच्यात ताकद नाही. मी उठली, म्हटलं असू दे, भाऊ. माझंच डोकं फिरलं असन.

पण काल दळणाच्या चक्कीवर त्याची सून स्वाती भेटली. सहज म्हणे, काकू, आमच्या मामाजीनं यंदा काय काढलं कोण जाणे, घरच्या साऱ्याले दक्षिणेकडच्या मांडवात बसायले सांगतलं, गॅलरीत एकही लेकरू जाऊ देऊ नको म्हणून शपथ घातली. ती हसून राहिली होती. माझ्या हातातला पिठाचा डबा मी खाली ठेवला. म्हणजे टेकचंदलेही ऐकू आलं आहे. फक्त त्यानं आपल्यापुरतं ऐकलं.

तेव्हापासून मले दुसरं काही दिसत नाही. परीची पाटी दिसली की गॅलरी दिसते. तुझ्या जर्सीले इस्त्री करत होती तं तू उंच उडून चेंडू पकडून खाली येताना दिसला, दोन्ही पायांवर, धप्पकन, तुझी सवयच आहे तशी. लहानपणी तुझ्या उड्यांनी खाट मोडली होती. तुले कप्तान केलं, पेपरात फोटो आला, गावातला पहिला पोट्टा ज्याले खेळायचा पगार भेटते. मले त्याचा किती गर्व आहे ते मी तुले कधी बोलून दाखवलं नाही, तू शेफारशीन म्हणून. अन् आता मीच त्यात माती कालवायले निघाली. माझं ऐकणं चुकलंही असन. पाणी एखाद्या उंदराच्या बिळात गेलं असन. तसंच असो, असं मी देवाले रोज म्हणते. आयुष्यभर गाव मले पागल म्हणो, मी हसत ऐकून घेईन.

तू खेळू नको, मॅच थांबव, असं मी तुले म्हणत नाही. तू तोंड उघडलं तं ते तुले काढून टाकतीन, अन् माझ्या कानाच्या भरवशावर तुझी रोजी कायले जाऊ देऊ. ते मी पाहून घेते. रविवारी सकाळी, गॅलरीचं फाटक उघडायच्या आधी, मी उत्तरेकडच्या गोलात चटई टाकून बसणार आहो. डीजे बंद करा, गॅलरीत कोणाले सोडू नका, सगळे चूप राहा, अन् सब्बलीवरचा हार काढून ती नीट मारा. श्रावणभाऊ हात टेकून पाहीन. त्यानं हात वर केला की मी उठते, मग खुशाल खेळा. बायजाबाई अन् केशरबाई सोबत बसतो म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. बायजाबाई म्हणजे धानाचं पोतं, तिले तिथं कोण बसवीन. मी वाळली काडी, मीच बरी. पोलीस येतीन, टेकचंद हात जोडन, लोक शिट्ट्या मारतीन, अन् तुमची बस फाटकातून आत येईन तेव्हा तुले शरमेनं खाली पाहावं लागन. तेवढं सोसून घे.

पण हे पत्र त्यासाठी नाही लिहिलं. मले तिथं एकटी बसलेली पाहून तू धावत येशीन, मले उचलून न्यायले. मी तुले ओळखते, तुझ्या बाबाचंच रगत आहे ते. येऊ नको. तू आडदांड, पायात खिळ्याचे बूट, अन् कप्तान धावला की मागं सगळी टीम धावते. मधल्या चुन्याच्या रेषेवर उभा राहा अन् पोट्ट्यायले तिथंच धरून ठेव. काही झालं तरी, मी दिसेनाशी झाली तरी. याच मैदानात जेवायच्या वक्ती तुले हाका मारून माझा गळा बसे, अन् तू एका हाकेत कधी आला नाही, किती मार खाल्ला त्यासाठी. रविवारी मी हाक मारली तरी तसाच राहा, बाबू. येऊ नको.

तुझीच,
जांभळ्या हातांची आई