तीनशे दहा ग्रॅम

सोमवार, ४ मार्च

तोच आहे. माळी.

नोकरीचा अर्ज वाचतानाच शंका आली होती. म्हटलं, असतील एका नावाची दहा माणसं. पण खाली त्याने स्वतःच लिहिलेलं — 'नगरपालिकेच्या बागेत चौदा वर्षं. नंतर तुरुंगात आठ वर्षं. गेल्या वर्षी सुटलो.' काही लपवलं नाही बिचाऱ्याने. लपवायचं काम आमच्याकडे!

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. मी, शेतीतज्ज्ञ आणि साहेब. साहेब म्हणजे धाडपथकाचे माजी प्रमुख. पूर्वी गांजाची झाडं उपटायचे, आता कंपनीचे संचालक म्हणून लावतात. मी सव्वीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पकडलेला माल तपासायचे, आता इथे दर्जा अधिकारी. कायदा बदलला आणि आम्ही सगळे एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला बसलो. खुर्च्या तेवढ्या मऊ मिळाल्या.

काचघरात सगळ्यांना टोपी आणि मास्क. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा! कोर्टात पाच मिनिटं साक्ष दिली होती, पिंजऱ्याकडे मान वळवली नव्हती.

एका झाडापाशी थांबला. पान उलटं केलं. म्हणाला, "कोळी लागलाय. औषध नका मारू. वारा कमी पडतोय, तिकडचा पंखा इकडे करा." शेतीतज्ज्ञ पंधरा दिवस डोकं खाजवत होता त्यावर. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग साहेबांनी अर्ज चाळला. "अरेरे," म्हणाले. "अर्ध्या किलोच्या वरची शिक्षा. अशांना या धंद्यात घेता येत नाही. नियम आहे."

माळी म्हणाला, "बरं." टोपी काढून घडी केली. परत दिली.

याला साहेबांनीच पकडलं होतं. ओळखलं की नाही, देव जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरून कधी काही कळत नाही.


मंगळवार, ५ मार्च

नकाराचं पत्र. साहेब म्हणाले, "तुम्हीच सही करून टाका, बाई." करून टाकली. नऊ वर्षांत त्याच्याविरुद्ध दुसऱ्यांदा.


शुक्रवार, ८ मार्च

फाटकाशी उभा होता. मी रिक्षा शोधतेय तोवर समोर आला. आता तोंडावर मास्क नव्हता, पळायला जागा नव्हती.

"मॅडम, पत्र मिळालं. कारण नाही लिहिलेलं. कारण लिहून द्याल?"

"कशाला? तुम्हाला माहितीये की."

"मला माहितीये. मुलीला दाखवायचंय. तिला वाटतं मी अर्जच करत नाही, नुसता उन्हात फिरून येतो."

उद्या देते म्हणाले. तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मग फाटकावरच्या कंपनीच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. दोन हिरव्या रेघा, मध्ये गोल.

"हे कुठं बघितलंय सांगू? आत. घरी फोन करायला कार्ड घ्यावं लागायचं, त्याच्यावर. बायकोशी पाच मिनिटं बोलायचं तर आठवडाभर सतरंज्या विणायच्या. तेच चिन्ह. डब्याच्या गाडीवरपण."

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. तुरुंगात जेवण आणि फोन पुरवणारे आमचेच मालक. माणसं आत गेली तेव्हाही यांचं पिकलं, आता झाडं बाहेर आली तरी यांचंच पिकतंय. आणि मी त्या पिकाचा दर्जा तपासते.

"बायको कशी आहे?" विचारून बसले. जिभेला हाड नाही ते असं.

"नाही ती. मी आत गेल्यावर दुसऱ्या वर्षी."


रविवार, १० मार्च

लिहूनच टाकते. इथे तरी.

चार झाडं होती. बागेच्या मागे, कुंड्यांच्या आडोशाला. बायकोला कॅन्सर, औषधांनी पोटात पाणी ठरत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, लावलीन. पथकाने मुळासकट उपटून पोत्यात भरून आणली. ओली, मातीसकट.

कायद्यात स्पष्ट होतं. फक्त फुलोरा तोलायचा. पानं, देठ, मुळं धरायची नाहीत. अर्ध्या किलोच्या आत असलं तर सहा महिने. वर गेलं तर आठ वर्षं, त्यात न्यायाधीशालाही काही करता येत नाही.

मी फुलोरा वेगळा काढला. तोलला. तीनशे दहा ग्रॅम.

मोठ्या सरांनी — आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी — आकडा बघितला. म्हणाले, "पथकाला या महिन्यात एक मोठी केस हवीय. सगळं तोला. निवडत बसणं आपलं काम नाही." मी म्हटलं, "सर, माती आहे." ते म्हणाले, "माती झटका."

झटकली. पोतं काट्यावर ठेवलं. एक किलो आठशे चाळीस. अहवालात तेच. खाली माझी सही. तीन महिन्यांनी बढतीचं पत्र.

एकदाच केलं मी असं. एकदाच.


बुधवार, १३ मार्च

रविवारी या वहीतही खोटं लिहिलं. एकदाच नव्हे.


शुक्रवार, १५ मार्च

शेतीतज्ज्ञाने जेवताना सहज सांगितलं — नव्या कायद्यात एक कलम आहे. ज्यांचा माल अर्ध्या किलोच्या आत होता त्यांची नोंद पुसून मिळते. अगदी कोरी. नोकरी, परवाना, सगळं उघडं. "तो तुमचा माळी थोडक्यात हुकला," म्हणाला. "सव्वा किलोने!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मी डबा तसाच बंद केला.


सोमवार, १८ मार्च

जुन्या प्रयोगशाळेत गेले. अभिलेखागारात अजून तेच काका. मला बघून खूश. "बाई, वजन वाढलं तुमचं!" मी म्हटलं, काट्याने सांगताय की डोळ्यांनी? दोघं हसलो. मग मी काय मागायला आलेय ते सांगितलं. हसायचे थांबले.

अहवाल कोर्टात जातो. पण कच्ची वही इथेच राहते. दहा वर्षं, मग रद्दीत. नऊ झाली होती.

काकांनी शिडी लावून काढून दिली. पान सापडायला वेळ लागला नाही. माझंच अक्षर, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं. 'फुलोरा — ३१० ग्रॅ.' त्यावर एक आडवी रेघ. खाली '१८४० ग्रॅ.' रेघ इतकी हलकी की आकडा स्वच्छ वाचता येतो. खोडायचीही धड हिंमत नव्हती माझ्यात!

पुढची पानं उलटली. आणखी आडव्या रेघा. मोजायला लागले आणि वही मिटली.

काका म्हणाले, "प्रत हवी तर रीतसर अर्ज करा. मी अडवणार नाही. पण विचार करा. तुमचं निवृत्तिवेतन आहे." मग हळूच, "मीही इथेच होतो ना. मीही बघितलंच की."


गुरुवार, २१ मार्च

इतक्या लवकर कसं कळतं यांना! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"प्रयोगशाळेत गेला होतात म्हणे. जुन्या मैत्रिणींना भेटायला?"

मी चहात साखर ढवळली.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही उघडणार, तुमच्या हातात काय सापडेल? तुमचीच सही. मोठे सर तर वारले. मी लेखी काही दिलेलं नाही. मालकांचा तर संबंधच नाही."

"तो माणूस निर्दोष होता, साहेब."

"निर्दोष नव्हता. चार झाडं होतीच. थोडं जास्त भोगलं, एवढंच."

थोडं जास्त. साडेसात वर्षं!

मग आवाज मऊ केला. विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. माझं नाव त्यांनी सुचवलंय. पुन्हा बढती. यांना माझं मोल बरोबर माहीत आहे.

मी 'नको' म्हटलं नाही. 'विचार करते' म्हटलं. चहाही संपवला.


सोमवार, २५ मार्च

ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही. आठवडाभर कामाला जाणार नाही. प्रतीसाठी अर्ज लिहिला, दोनदा फाडला. कपाटं आवरली. शेजारीण म्हणाली, घर अगदी आरशासारखं झालंय हो. मेले मनात.


शनिवार, ३० मार्च

ह्यांना सांगितलं. दुपारी, भाजी निवडताना. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे, वरून दडपण होतं तुझ्यावर. तेच ऐकायचं होतं मला. खोटं कशाला बोलू.

म्हणाले, "उत्तर चुकलं असतं तर मी समजून घेतलं असतं गं. तू उदाहरणच बदललंस."

आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. मग आत येऊन उरलेली भाजी निवडायला लागले. "अर्ज कोरा असेल तर दे इकडे. तुझं अक्षर नको. मी लिहितो."


शुक्रवार, १२ एप्रिल

वहीच्या पानाची प्रत मिळाली. काकांनी शब्द पाळला. कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. शपथ घेताना कारकून म्हणाला, "मोठ्याने, बाई." मोठ्याने म्हटलं.

तिथून थेट माळ्याकडे. पत्ता अर्जावर होता. एक खोली, दारात डबे, डब्यांत रोपं. मुलगी शिवणयंत्रावर बसलेली. मला बघून उठली, पाणी दिलं. आधी पाणी दिलं, कोण म्हणून नंतर विचारलं.

मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. आकडे, सर, पोतं, माती. प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे केली.

त्याने कागद वाचला. मग एवढंच विचारलं, "तेव्हा माहीत होतं तुम्हाला? की नंतर कळलं?"

"तेव्हाच माहीत होतं."

"बरं."

मुलगी बोलली. "आई विचारायची, सहा महिने झाले, बाबा कधी येणार? वकिलाने तिला सहा महिने सांगितलेले. ती शेवटपर्यंत महिने मोजत होती. तुम्ही तिथे बसून काय करत होतात?"

नोकरी करत होते. असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

मी हात जोडले. माळी म्हणाला, "नको. हात नका जोडू. मी काही म्हणणार नाही, तेवढ्यासाठी थांबू नका." डब्यातल्या एका रोपाची वाळकी पानं खुडायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही आलात, ते आलात. आता जा."

जिना उतरले. माफी मागायला गेले होते की घ्यायला?


गुरुवार, १८ एप्रिल

कंपनीने काढलं. जुन्या खात्याकडून चौकशीची नोटीस, निवृत्तिवेतन रोखून. पेपरात बातमी, आतल्या पानावर. साहेबांचं वाक्य छापलंय — 'एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक.' मालकांचं नाव कुठेच नाही.

भाजीवाली तोंड फिरवून तोलते. काट्याकडे बघायची मलाच लाज वाटते.


शुक्रवार, २४ मे

माळ्याची नोंद पुसली. कोर्टाने गेल्या आठवड्यात हुकूम दिला.

आणि आजच्या पेपरात पानभर जाहिरात! काचघरात माळी, हातात रोप, मागे दोन हिरव्या रेघा. 'आम्ही माणसाला दुसरी संधी देतो.' शेजारी साहेब, हसरे, त्याच्या खांद्यावर हात. माळी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. झाडाकडे बघतोय.

मी भडकले. ह्यांना म्हटलं, गेला कसा तो त्यांच्याकडे? हे म्हणाले, "कुठे जाणार? त्याला झाडं येतात, आणि झाडं आता त्यांच्याकडेच आहेत. त्याने नोकरी कुठे धरावी हेही तूच ठरवणार का?"

पुन्हा लाजच.


रविवार, २६ मे

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. जिन्यात माणसं बसलेली. वरच्या पायरीवर एक म्हातारे. मला बघून उठले, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला अहवाल काढला. सातशे वीस ग्रॅम. खाली माझी सही.

"पेपरात वाचलं. हाही तुम्हीच तोललेला ना?"

"हो. मुलाचा? कुठेय तो?"

"आतच गेला. चौथ्या वर्षी." कागद माझ्या हातात दिला. "पोरगा नाही सुटला. नाव तरी सोडवा."

त्यांच्या मागे रांग खाली फाटकापर्यंत होती.