विचारायचं राहिलेलं पाणी

पुणे, ६ मार्च

ती. सत्यवानमामा यांस,
आकांक्षाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा हेच बरं. गेल्या पावसात देवबागच्या घराच्या मागच्या दारी लाट आली आणि तुळशीची माती घेऊन गेली, हे आईकडून कळलं होतं. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत.

तुमचा प्रश्न असा, की फोंडाघाटला जी जागा घेताय तिथे समुद्र कधी पोचेल का. तपासलं. नाही पोचणार. भरतीचं पाणी नाही, वादळाच्या लाटेचं नाही, आणि समुद्र चढण्याचा जो सर्वांत वाईट अंदाज आहे तो धरला तरी नाही. मी पुलांसाठी पूररेषा काढते, पण एवढं निःशंक उत्तर मला कामात कधीच देता येत नाही.

विमलामामींना सांगा, तिथे मासे मात्र बसने येतील. त्या तयार आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

लोभ आहे तसा राहू द्या.
आकांक्षा


देवबाग, २ मे

चि. आकांक्षा हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराने मन हलकं झालं. तरी तुझ्या एकटीच्या यंत्रावर विसंबलो नाही. देवळात कौल लावला. गुरवाने स्वच्छ गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक नव्या जागेत समुद्राचो त्रास होवचो नाय ना? देवाला चिकटवलेली पाकळी झटकन उजवीकडून पडली, कौल चांगला. म्हणजे तू आणि देव एकमताचे. तुझं लग्न मात्र दोघांपैकी कुणीच ठरवत नाही.

जागा सपाट आहे. कडेला एका व्हाळाचं पात्र आहे, कोरडं ठणठणीत, त्यातून बैलगाडीसुद्धा जाईल. शेतावरचा एका खोलीचा जुना मांगर आहे. छप्पर शाकारून घेतो, म्हणजे जूनपासून आम्ही दोघं त्यातच राहू आणि पाऊस सरला की घराचं काम सुरू करू. तुझी मामी कुरकुरते, पण येईल.

सोबत फोटो पाठवतो. मालवणात छापून आणला. जागेच्या मधोमध माझ्या कमरेएवढा गोल दगड आहे, त्यावर बसलोय बघ. देवाने मला पाटच मांडून ठेवलाय. तो दगड हलवायचा नाही, अंगण त्याच्याभोवती करायचं, असं ठरवलंय.

प्रकृतीला जप. मामाची आठवण ठेव.
सत्यवान


पुणे, ९ मे

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

फोटो दोन दिवस टेबलावर होता. आज लिहिते. फोटोत तुम्ही हसताय आणि मला फक्त दगड दिसतो.

जमीन तांबडी, मांगराच्या भिंती तांबड्या चिऱ्याच्या, आणि दगड काळा. कडा झिजून गोल झालेल्या. मामा, असा दगड त्या मातीत होत नाही. तो वरच्या घाटाच्या कड्याचा आहे. एवढा दगड माणसं उचलून शेताच्या मधोमध आणून ठेवत नाहीत. तो पाण्याने आणला.

मग मार्चमध्ये करायला हवं होतं ते आता केलं, नकाशावर उंचीच्या रेषा काढल्या. तुमचा व्हाळ दरीतून सुटतो आणि उतार संपतो तिथे त्याचे गोटे हाताच्या पंजासारखे पसरलेत. तुमची जागा तळहातावर आहे.

वरून किती पाणी येईल, हा प्रश्न मी रोज पुलांसाठी विचारते. तुमच्यासाठी विचारला नाही. तुम्ही समुद्राचं विचारलंत, मी समुद्राचं सांगितलं. देवानेही तेच केलं. आम्ही दोघंही खोटं बोललो नाही.

ते पाणी यंदा येईल की माझ्या म्हातारपणी, हे मला सांगता येत नाही. पावसात त्या मांगरात एकही दिवस राहू नका. रागवा, पण राहू नका.

रागातही लोभ धरा.
आकांक्षा


देवबाग, १८ जुलै

चि. आकांक्षास,
विमलामामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवलं. म्हणाले, तिणा माका पाण्याचा भय दाखवक नको, आयुष्य जहाजावर काढलंय. मी म्हटलं, खाऱ्या पाण्यावर. मी जायला नाही म्हटलं. मग जूनमध्ये स्टो आणि रेडिओ घेऊन एकटेच गेले. एक पावसाळो काढून दाखवतंय, म्हणाले. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मी पाळली. पाळायला नको होती.

परवा दुपारी डोंगर आला. ते मांगरात नव्हते. तुझ्या पत्रामुळे नव्हे गो, भाजी खाऊन विटले होते म्हणून. सुके बांगडे मिळतात का बघायला बाजारात गेले होते. परत येतात तर समोर सगळी जमीन चालत होती. पाणी नव्हतंच म्हणतात, चिखल, गोटे आणि अख्खी झाडं. जहाजाच्या पोटात माल सुटून आदळावा तसा आवाज. मांगराचा एक चिरा उरला नाही.

ओसरल्यावर लोकांनी त्यांना धरून जागेपर्यंत नेलं. तिथे उभे राहून एवढंच बोलले, “माझो दगड खंय गेलो?”

तो खाली रस्त्याच्या मोरीत सापडला. त्याच्या जागेवर आता दुसरा आहे, त्याहून मोठा.

घरी आणल्यापासून बांगड्यांची पुडी पिशवीत आहे, मला काढू देत नाहीत. काल म्हणाले, “चेडवाक विचार, देवाक काय काय विचारूचा ता.” इथेही राहून भागणार नाही, यंदा लाट तुळस घेऊन गेली. पण आता आम्हाला प्रश्नच सुचत नाही. तू लिहून दे, गुरव जसंच्या तसं गाऱ्हाणं घालील.

आमच्यावर माया असू दे.
तुझी मामी


पुणे, २४ जुलै

ती. मामी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात उभ्यानेच वाचलं.

गाऱ्हाणं मला घालता येत नाही. येतं तसं लिहिते, दर प्रश्नाला ‘व्हय म्हाराजा’ तुम्ही म्हणा.

बा देवा म्हाराजा, जी जागा बघू तिथे समुद्राचं पाणी येत नाही ना, तसं खाडीचं, नदीचं आणि डोंगराचंही येत नाही ना? वरच्या उतारावर माती धरायला झाडं आहेत ना? पडलेल्या पाण्याला वाट आहे ना, आणि ती आमच्या अंगणातून नाही ना? मे महिन्यात विहिरीला गोडं पाणी असतं ना? जुलैत बस येते ना? तिथला दगड तिथलाच आहे ना?

यातल्या प्रत्येकाचं उत्तर आधी मी शोधीन, नकाशावर आणि मग पावसात स्वतः उभी राहून. तोवर कौल लावू नका. एकच प्रश्न मोजायचं साधन माझ्याकडे नाही, तो देवालाच विचारा: लाटेच्या आवाजाशिवाय मामांना झोप लागेल ना?

त्या दुपारी मामांना बांगड्यांची आठवण झाली नसती तर, हे मात्र कुणालाच विचारू नका. मी विचारून पाहिलं.

शनिवारी येते. मामांना म्हणावं, पुडी मी आल्यावर सोडू.

माझाही तुमच्यावर लोभ आहे, हे आजवर लिहायचं राहिलं होतं.
आकांक्षा